रुसून जायची सोय

माझी थोरली मावशी रागावली की आधी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवायची, मग चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "झालं. मी चालले." एवढं बोलून ती खरोखरच चालायला लागायची. पुष्कळजणी "मी चालले" म्हणतात आणि मग दाराची कडी धरून अर्धा तास बोलतात. मावशी त्यातली नव्हती.

आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. दोघींचा मिळून एकच धंदा होता, कपडे दुरुस्तीचा. पँट आखूड करायची, चेन बदलायची, झिजलेली कॉलर उलटवायची, अंगाने भरलेल्यांचे कोट सैल करायचे आणि "मी आता बारीक होणारच आहे" म्हणणाऱ्यांचे कोट तसेच खुंटीला ठेवायचे. आई उसवायची, कापायची, हातशिलाई करायची. मशीनवर मावशी. जुन्या गल्लीत आमचं आणि मावशीचं घर पाठीला पाठ लावून होतं, आणि काम आमच्या पुढच्या खोलीत चालायचं. गल्लीत दोघींना कोणी नावाने ओळखत नसे. एक थोरली, एक धाकटी. बाबा बदलीच्या गावी असायचे, त्यामुळे घरात आवाज फक्त ह्या दोघींचा आणि मशीनचा.

भांडण रोज व्हायचं. त्याला विषय लागायचाच असं नाही.

"हे तू तिरकं कापलंयस."

"मी सरळच कापलंय ताई. तू मान तिरकी करून बघतेयस."

"माझ्या मानेवर जाऊ नकोस."

"बरं, मग सुईत दोरा तरी सरळ ओव."

चाक थांबायचं. चष्मा वर जायचा. झालं, मी चालले.

आता मागच्या दाराने गेली असती तर मावशी दोन पावलांत स्वतःच्या स्वयंपाकघरात पोहोचली असती. पण रुसलेलं माणूस मागच्या दाराने कसं जाईल? ती पुढच्या दाराने निघायची आणि सगळी गल्ली फिरून घरी जायची. कोपऱ्यावर इस्त्रीवाला. "काय थोरल्या बाई, निघालात?" "निघाले. कर म्हणावं आता एकटीने." पुढे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. डोळ्याला भिंग लावलेलं, मान वर न करताच म्हणायचे, "आज लवकर भांडलात. अजून आमचा पहिला चहा यायचाय." त्यांच्यापुढे फळवाली. ती काही विचारायची नाही, एक फोड कापून हातात द्यायची. मावशी फोड खात खात तिला सगळं सांगायची, आणि सांगता सांगता सुटे पैसे संपावेत तसा राग संपत जायचा. स्वतःच्या दाराशी पोहोचेपर्यंत हातात इस्त्रीवाल्याने दिलेली कोणाची तरी पँट असायची आणि रागाचा पत्ता नसायचा. मग ती मागच्या दाराने आत यायची. "ए धाकटे, आधी ही चेन काढ. माणूस इस्त्रीवाल्याकडे खोळंबलाय." आई उसवायला घ्यायची. कोणी कोणाची माफी मागितली, असं मी एकदाही ऐकलं नाही. तशी वेळच यायची नाही.

आणि गिऱ्हाईकं सगळी येता-जाताची. कोणी खास आमच्याकडे येत नसे. दूध आणायला निघाले की शर्ट टाकायचे, मुलाला शाळेत सोडून परतताना शर्ट उचलायचे. "येता-जाता टाकते हं," हे वाक्य आमच्या दुकानाची पाटी होती, दुसरी पाटी नव्हती.

मग काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, बढती मिळाली आणि बढतीबरोबर ऑफिसची गाडी. गाडी छान होती. फक्त ती आत आली की गल्ली संपायची. रोज संध्याकाळी खिडकीत बसून आम्ही काकांचा आणि इस्त्रीवाल्याचा कार्यक्रम ऐकायचो.

"अहो, जरा तुमचं टेबल काढा की आत."

"साहेब, तुमची गाडी यावी म्हणून मी दुकान उचलू?"

"दुकान नाही हो, नुसतं टेबल."

"माझं टेबल म्हणजेच दुकान आहे साहेब!"

मग काका गाडी लावायचे आणि त्यांचं दार घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानात उघडायचं. आजोबा म्हणायचे, "या, बसा. किती वाजलेत ते सांगू का?" काका अंग चोरून बाहेर निघायचे. असं काही महिने झाल्यावर काकांनी जाहीर केलं, "आता आपण जरा गाडीला शोभेल अशा ठिकाणी राहायला जाऊ."

गाडीला घर बघायला सुरुवात झाली. मावशीची अट एकच होती. "धाकटी माझ्या समोर पाहिजे. नसेल तर तुम्ही आणि गाडी जा, राहा सुखाने." आईलाही तिच्याशिवाय करमलं नसतं, पण ती हे तोंडाने म्हणाली नसती. ती म्हणाली, "मशीन तिचं आहे. जावंच लागेल."

नव्या वसाहतीत घरं विकणारा तरुण टाय लावून आला होता आणि प्रत्येक वाक्याला 'बेसिकली'चा टेकू द्यायचा. "ताई बेसिकली ह्या बिल्डिंगमध्ये, आणि तुम्ही बेसिकली समोरच्या बिल्डिंगमध्ये. मधे बेसिकली फक्त एक रस्ता आहे." आम्ही गॅलरीतून बघितलं. मधे रस्ता नव्हताच. सपाट माती, दोन-चार खोदायची यंत्रं आणि त्यांच्या सावलीत झोपलेला एक कुत्रा. छापील चित्रात मात्र एक सुबक पादचारी पूल होता आणि त्यावरून एक बाई फुगा घेऊन चालली होती.

दुसरी माणसं अशा वेळी पाणी कसं आहे, भिंतींना ओल आहे का ते बघतात. ह्या दोघींनी एकच परीक्षा घेतली. आईला समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत पाठवलं, आणि मावशीने इकडून तोंडाशी हात धरले.

"धाकटेऽऽ! ऐकू येतंय का गं?"

"येतंय! ओरडू नकोस!"

"मी ओरडत नाहीये, बोलतेय!"

"मग हळू बोल! सगळ्यांना ऐकू जातंय!"

मावशी टायवाल्याकडे वळून म्हणाली, "घर चांगलं आहे." दोन्ही घरं घेतली.

आम्ही राहायला गेलो आणि पाठोपाठ रस्ता आला. फक्त एक रस्ता, हे त्याचं बोलणं अक्षरशः खरं होतं. त्या एका रस्त्यात जुन्या गावातले सगळे रस्ते शेजारी शेजारी मावले असते. मधे छातीएवढं लोखंडी कुंपण. दोन्ही कडांना फुटपाथ नाही, नुसती पांढरी रेघ, आणि रेघेपलीकडे शोभेची झाडं. गाड्या अशा जायच्या की चेनचे दात एकात एक बसावेत, मधे सुई शिरणार नाही. पुलाचं विचारलं तर टायवाला म्हणाला, "तो बेसिकली दुसऱ्या टप्प्यात आहे." मावशी गॅलरीत येऊन ओरडायची, तोंड उघडलेलं दिसायचं, ऐकू यायचं फक्त ट्रक. आई हातवारे करायची. "काऽऽय?" असं दोघी एकाच वेळी करायच्या आणि मग दोघी आत जाऊन एकमेकींना फोन लावायच्या. दोघींचा फोन व्यस्त लागायचा.

आमचे पडदे आईने धुतलेत की नाही हे मावशीला घरबसल्या कळायचं. पण तिथून आमच्याकडे यायचं म्हणजे गाडीत बसायचं, उलट दिशेला जायचं, पार उड्डाणपुलाखालचा वळसा घ्यायचा आणि सगळं अंतर परत यायचं. मशीनवर दोन बाह्या जोडून होतील एवढा वेळ.

म्हणून मग वेळापत्रक ठरलं. काका सकाळी ऑफिसला जाताना मावशीला आमच्याकडे 'सोडायचे' आणि संध्याकाळी 'उचलायचे'. हे शब्द त्यांचेच. "तुला सोडून मग मी मीटिंगला जातो. तुला उचलून मग आपण भाजी घेऊ." मावशी हातात डबा घेऊन दाराशी तयार. उशीर झाला की गाडीतून हॉर्न. कपडे धुलाईला देतात आणि आणतात, त्यात आणि ह्यात फरक एवढाच की कपड्यांना घडी घालून देतात.

येता-जाताचं गिऱ्हाईक बंद झालं. इथे कोणी येता-जाता नसतंच. माणूस येतो तरी, नाहीतर जातो तरी, आणि दोन्ही वेळा काच वर असते. फोन यायचे. "तुम्ही बटणं लावता का? पार्किंग आहे का?" एक गृहस्थ शर्टाला एक बटण लावायला गाडी घेऊन आले, आमच्या बिल्डिंगभोवती घिरट्या घालत राहिले, जागा मिळेना, शेवटी फोन करून म्हणाले, "अहो, राहू द्या. मॉलला पार्किंग आहे. नवीन शर्टच घेतो." मॉलमधल्या दुकानांची थोडी कामं मिळायला लागली म्हणून मशीन चालू राहिलं. ती मात्र गठ्ठ्याने यायची, एकसारखी, आणि कोणाची आहेत ते कळायचं नाही. भांडायला सुद्धा मजा यायची नाही.

तरी दोघींनी जमवलं. आणि एक दिवस खरंखुरं भांडण झालं.

सुरुवात नेहमीचीच. मावशी म्हणाली कापड तिरकं आहे. पण आई त्या दिवशी मानेवर गेली नाही, भलतीकडेच गेली. "तुझ्यामुळे मी इथे आले ताई. 'धाकटी समोर पाहिजे, धाकटी समोर पाहिजे.' बघ आता समोर! दिवसभर बघ!"

चाक थांबलं. चष्मा वर गेला. "झालं. मी चालले."

मावशी लिफ्टने खाली गेली, फाटकापर्यंत गेली, आणि तिथे तिचं चालणं संपलं. पुढे पांढरी रेघ होती. तिने काकांना फोन लावला. आवाज मोठा ठेवायची तिची सवय, त्यामुळे फाटकावरच्या वॉचमननेही ते ऐकलं आणि नंतर सगळ्या बिल्डिंगने.

"अहो, मला न्यायला या."

"आत्ता? मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"मी रुसलेय."

"बरं." पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज. "संध्याकाळपर्यंत थांबता येईल का? नेहमीच्या वेळी उचलतो."

मग वॉचमनने टॅक्सी बोलावून दिली. टॅक्सीवाल्याने पत्ता बघितला, समोर बघितलं, परत पत्ता बघितला.

"बाई, हे तर समोरच आहे."

"हो, माहितेय मला."

"मग चालत जा की."

"तुम्ही जाऊन दाखवा, मी येते तुमच्या मागून."

टॅक्सीवाल्याने रस्त्याकडे नजर टाकली आणि विषय बदलला. "एवढ्याशासाठी तेवढा वळसा घ्यायचा म्हणजे आम्हाला परवडत नाही. तुमच्याकडून कॅन्सल करा."

"मी का करू? मी तर जायला तयार आहे!"

तो गेला. मावशी वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, नेमकी आमच्या खिडकीखाली, आणि दुपारभर बसून राहिली. आत येणारी प्रत्येक गाडी तिच्यापाशी हळू व्हायची, काच खाली यायची. "कोणाची वाट बघताय का?" "हो हो, गाडी येतेय." वॉचमन बिचारा उभा राहून राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता. आईने वरून दोनदा पडदा सरकवला, दोनदा लावला. शेवटी माझ्या हाती चहा पाठवला.

"तुझ्या आईला सांग," मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी इथे नाहीये. मी केव्हाच गेले."

"मग चहा?"

"चहा ठेव."

संध्याकाळी काका आले. आत गाडीत गार हवा, बाहेर त्यांची बायको. "बस, बस. अजून रुसलेली आहेस का?" मावशी बसली. वळसा आला, वळसा घेऊन अर्धा रस्ता परत झाला. मग म्हणाली, "मला गाडी शिकायचीय." हा प्रसंग काकांनी इतक्यांदा आणि इतक्या रंगवून सांगितलाय की तो मला त्यांच्या खाकरण्यासकट पाठ आहे.

"ह्या वयात? मी आहे ना तुला सोडायला."

"म्हणूनच शिकायचीय."

"अगं पण तुला जायचं कुठे असतं? धाकटीकडेच ना?"

"तिच्याकडे जायला तुम्ही आहात. मला तिच्याकडून निघायचंय. माझ्या मनात येईल तेव्हा."

काकांना ह्यातलं काही कळलं नाही. त्यांना स्वतःला रुसून कुठे जायची वेळ आली नव्हती. ते रुसले की गाडीत जाऊन बसायचे आणि रेडिओ लावायचे.

गाडी शिकवणारे सर बारीक आवाजात आणि सुरात बोलायचे, लहान मुलाला जेवण भरवावं तसं. "दाबा... हळूऽ सोडा... दाबा... सोडा... सोडा म्हटलं म्हणजे सगळं नाही हो सोडायचं मॅडम!" मावशीच्या पायाला इतक्या वर्षांची मशीनची सवय. मशीनच्या पायडलवर अख्खं पाऊल ठेवायचं आणि टाच-चवडा, टाच-चवडा झुलवायचं. गाडीने पहिल्या दिवशी त्या तालावर एवढे धक्के खाल्ले की सरांचा पेन खिशातून उडून मागच्या सीटवर गेला.

एक गोष्ट मात्र तिला आपोआप यायची. पांढऱ्या रेघेपासून एका मापाने गाडी नेणं. कापडाच्या कडेवर नजर ठेवून शिलाई मारतात तशी ती रेघेवर नजर ठेवायची. सर म्हणायचे, "छान, छान, पण मॅडम, मधेमधे समोर पण बघा. रस्ता शिवायचा नाहीये आपल्याला." हॉर्नवरून रोज वाद.

"हॉर्न द्या."

"कशाला? त्याने बघितलंय मला."

"तरी द्या. त्याला वाटेल तुम्ही झोपलात."

"वाटू दे. माझ्या ओळखीचा थोडाच आहे तो!"

रविवारी काका शेजारी बसून सराव घ्यायचे. "मी एक अक्षर बोलणार नाही," असं म्हणून बसायचे आणि शब्दाला जागायचे. फक्त त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक त्यांचा उजवा पाय दाबत राहायचा आणि तोंडातून वाफेच्या इस्त्रीसारखा आवाज यायचा. घरी आल्यावर गाडीतली त्यांच्या पायाखालची चटई झिजलीय का ते मावशी बघायची.

परीक्षेला दोन्ही वेळा मी मागच्या सीटवर बसून गेलो होतो, कारण आईला बातमी माझ्या तोंडून हवी होती. दोघी बोलत होत्या, पण कामापुरतं. "काळा दोरा." "तिथे आहे." एवढंच. मावशीला रोज सकाळी सोडत होते, संध्याकाळी उचलत होते, आणि भांडण व्हायला नको म्हणून ती तिरक्या कापडावरही सरळ शिलाई मारत होती. ते बघवत नव्हतं.

मैदानात आठचा आकडा मावशीने असा काढला की परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली. उलटी गाडी सुद्धा सरळ गेली. मग बाहेरच्या रस्त्यावर न्यायला सांगितलं. तिथे एक माणूस पिशवी घेऊन पायी रस्ता ओलांडायला उभा होता, कोण जाणे कुठून उगवला होता. मावशीने गाडी थांबवली आणि हाताने त्याला 'या' म्हटलं. तो बिचारा घाबरला. आजवर कोणी थांबलंच नसेल. त्याला वाटलं काहीतरी विचारतायत, म्हणून तो खिडकीपाशी आला.

"काय हवंय ताई?"

"काही नाही, जा तुम्ही पलीकडे."

"नाही, तुम्ही जा."

"आधी तुम्ही."

मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. साहेब म्हणाले, "थांबलात का?"

"माणूस आला ना."

"तो थांबला असता."

"तो किती वेळ थांबणार? मी बसलेय, तो उभा आहे."

साहेबांनी शेरा लिहिला, विनाकारण थांबल्या. नापास.

मावशी दुसऱ्याच दिवशी पुन्हा सरांकडे गेली, पुन्हा दाबा-सोडा. दुसऱ्या वेळी त्याच रस्त्यावर एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी होती. मावशीने तिच्याकडे बघितलं नाही, लांब हॉर्न दिला आणि जोरात निघून गेली. साहेब खूश झाले. पास. गाडीतून उतरायच्या आधी तिने आरशात मागे बघितलं. ती बाई अजून तिथेच होती. "बघ तरी कशी उभी राहतात रस्त्यात," मावशी मला म्हणाली. पण ते म्हणताना तिने चष्मा काढून पुसला, आणि तो पुसण्यासारखा मळलेला नव्हता.

लायसन्स आलं. काकांना ऑफिसला मावशी सोडणार आणि गाडी दिवसभर तिच्याकडे राहणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती एकटी आमच्याकडे निघाली. मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई लावलेली. ती कशी बोलते ते सगळ्यांना माहीत आहे, जणू घरात कधी कोणी भांडलंच नाही. "पुढे, यू-टर्न, घ्या." मावशी तिला म्हणाली, "घेते गं. आधी येऊ तर दे." "आपण, पोहोचला, आहात." "कुठे पोहोचले? दार कुठेय?" हे सगळं आम्ही फोनवर ऐकत होतो, कारण आईने माझ्याकरवी तिला फोन चालू ठेवायला लावला होता आणि स्वतः काही न बोलता कान लावून बसली होती.

फाटकावर वॉचमन हात करत आला. हा नवा होता, खुर्चीवाला नव्हे. "पुढे घ्या, पुढे घ्या!"

"अरे, मला इथेच यायचंय. वर बहीण राहते माझी."

"पाहुण्यांचं पार्किंग भरलंय. पुढे घ्या."

"मग कुठे लावू?"

"समोर लावतात सगळे. त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांना भरपूर जागा आहे." आणि त्याने बोटाने मावशीचीच बिल्डिंग दाखवली.

"तिथे लावून मी इकडे कशी येऊ?"

वॉचमनने रस्त्याकडे बघितलं. त्याचीही नोकरी नवीन होती. "पुढे घ्या," तो म्हणाला.

मावशी पुढे गेली. वळशाला गेली, परत आली, परत "पुढे घ्या". तिसऱ्या वेळी ती फोनवर ओरडली, "धाकटे! खाली ये!"

"कशाला?" इतक्या दिवसांत हा आईचा कामाबाहेरचा पहिला शब्द.

"मी थांबू शकत नाही! ये म्हटलं ना!"

आईने हातातलं होतं ते काम, एका स्कर्टची तुरपाई, तशीच सुईसकट उचलली आणि खाली धावली. गाडी हळू झाली, आई बसली, दार लागलं, गाडी गेली. वॉचमनला सुटल्यासारखं झालं.

त्या दिवशी दोघी कुठेच गेल्या नाहीत. वळशाला जायच्या, परत यायच्या, पुन्हा दुसऱ्या वळशाला. गाडीत आईची तुरपाई आणि मावशीचं बोलणं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तीच रीत पडली, आणि मशीन समोर मावशीकडे गेलं. मशीनचं काम मावशी काकांना ऑफिसातून आणायला जायच्या आत स्वतःच्या घरी उरकते, आई कापून ठेवलेला गठ्ठा घेऊन फाटकाशी उभी राहते, गाडी येते, गठ्ठा मागच्या सीटवर, आई पुढच्या. बटणं, काजं, तुरपाई, सगळी हातशिलाई आता रस्त्यावर होते. मोठ्या सिग्नलला आई सुईत दोरा ओवते. सिग्नल लहान असेल तर मावशीला म्हणते, "पिवळ्यातच थांब आज."

काका म्हणतात, सुटीच्या दिवशी गॅलरीतून बघितलं तर आपली गाडी दर थोड्या वेळाने डावीकडून उजवीकडे जाते, मग उजवीकडून डावीकडे. शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं, "बाईंना रस्ता सापडत नाही का?" पेट्रोलविषयी काका फक्त उसासा टाकतात. त्यांना स्वतःला कुठे जायचं असलं तर आधी विचारावं लागतं.

मावशी मात्र सगळ्यांना सांगते, "आता कसं, मनात आलं की मी धाकटीला भेटते. कोणाचे उपकार नाहीत." लायसन्स आल्यापासून ती आमच्या घरी एकदाही आलेली नाही. आमच्या नव्या पडद्यांना ती रस्त्यावरून नावं ठेवते.

परवा मी मागच्या सीटवर गठ्ठ्याला टेकून बसलो होतो. मावशीने एका पायी चालणाऱ्याला हॉर्न दिला. आई म्हणाली, "काय गं ताई, त्याने काय केलं तुझं?"

"रस्त्यावरून कशाला चालतात?"

"मग कुठून चालायचं त्यांनी? तू नव्हतीस का चालत? गल्लीत अख्खा दिवस चालायचीस, एक टाका घातला की चालली!"

"मी तुझ्यामुळे चालायचे! तू तिरकं कापायचीस म्हणून!"

"मी आजवर कधी तिरकं कापलेलं नाही!"

मावशीचा हात चाकाकडे गेला. पण हे चाक हाताने थांबवायचं नव्हतं, ते धरूनच ठेवायचं होतं. चष्माही जागेवरच ठेवावा लागला. तिचे ओठ नुसतेच आवळले गेले.

ह्या वेळी आईच म्हणाली. सुई कापडात खुपसली, गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. "झालं. थांबव गाडी. मी चालले."

"इथे थांबता येत नाही."

"बाजूला घे."

"बाजूला झाडं आहेत, दिसत नाही का? फाटकाशी उतर."

"उतरतेच. आणि उद्यापासून येणार नाही."

"नको येऊस."

दोघी समोर बघत राहिल्या. फाटक अजून लांब होतं. वळसा यायचा होता, वळशाच्या अलीकडे सिग्नल होता, आणि सिग्नलच्या अलीकडे एवढी गर्दी होती की गाडी पावलापावलाने सरकत होती. चालत गेलं असतं तर आधी पोहोचलं असतं. पण चालायचं कुठून, हे त्या दोघींपैकी कोणीच बोललं नाही. आईने थोडा वेळ हाताची घडी घातली. मग तिच्याने बसवेना. तिने खाली वाकून स्कर्ट उचलला.

"खड्ड्यातून सावकाश घे. टाके वाकडे पडतायत."

"तू वाकडे घालतेयस."

"ताई."

"बरं, घेते सावकाश."

वळसा झाला. फाटक आलं. वॉचमन लांबूनच हात हलवत पुढे आला. मावशीने गाडी हळू केली आणि आईकडे न बघता म्हणाली, "उतरतेयस ना?"

आईने दाताने दोरा तोडला आणि दुसरी कड धरली. "एवढी एक बाजू राहिलीय," ती म्हणाली. "घे ना पुढे."